आभाळ बघून चार पैसे मिळतात का?

शिरपूर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या अंगणवाडी सेविका आहेत, घरी चार एकर कापूस आहे आणि मुलगा भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पत्राची सुरुवातच अहिराणीत अशी: ‘मना पोऱ्या रातभर आभायकडे दखत ऱ्हास’, म्हणजे माझा मुलगा रात्रभर आभाळाकडे बघत राहतो. पुढे लिहितात, की कॉलेजच्या सरांकडून आणलेली बायनॉक्युलर घेऊन तो गच्चीवर बसतो आणि आता कापसाच्या पैशांतून साठ हजारांची दुर्बीण मागतो आहे. वडील चिडले आहेत. मामा म्हणतात, त्यापेक्षा ज्योतिष शिक, पत्रिका बघ, घरबसल्या पैसे मिळतील. ताईंचा प्रश्न एवढाच: या छंदातून खरंच काही कमाई होते का, की पोराला वेळीच आवरू? सोबत त्याच्या वहीच्या एका पानाचा फोटो आहे.

ताई, नमस्कार.

पत्राआधी मी तो फोटो बघितला, म्हणून आधी त्याबद्दल बोलते. पानावर अकरा रात्रींच्या अकरा ओळी आहेत. प्रत्येक ओळीत मधे एक गोल, तो गुरू. त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके, ते गुरूचे चार मोठे चंद्र. समासात वेळ लिहिली आहे, तीही मिनिटासकट. एका ओळीत नुसतं ‘ढग’ असं लिहिलंय. आणि सातव्या रात्री तीनच ठिपके काढून बाजूला प्रश्न विचारला आहे, ‘चौथा कुठे गेला?’ हात हलू नये म्हणून कठड्यावर उशी ठेवून त्यावर बायनॉक्युलर टेकवतो, असं तुम्हीच लिहिलंय. ताई, हे रिकामटेकडेपण नाही. जे दिसलं तेवढंच लिहायचं, जे दिसलं नाही त्याबद्दल प्रश्न विचारायचा, ही शिस्त मला एम.एस्सी.च्या मुलांतही क्वचित दिसते. तेव्हा आवरू नका.

पण साठ हजारही देऊ नका. निदान आत्ता नाही.

या छंदात लोक पैसे देतात ते दुर्बिणीचे नसतात, दाखवणाऱ्याचे आणि समजावून सांगणाऱ्याचे असतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गेल्या वर्षी एका शाळेत व्याख्यानाला गेले होते. मुख्याध्यापकांनी कौतुकाने कपाट उघडून दुर्बीण दाखवली. नळीवर बोटभर धूळ, आरशावर बुरशीचे ठिपके, नेम धरायची छोटी दुर्बीण, म्हणजे नेमदर्शक, निखळून डब्यात पडलेला. आरसा सरळ करायचे मागचे तीन स्क्रू कधी फिरवलेलेच नव्हते. घेतल्यापासून दोनदा बाहेर काढली, काही दिसलं नाही, परत ठेवली, असं ते म्हणाले. शाळेने पैसे मोजले होते, वस्तूही चांगली होती, फक्त माणूस नव्हता. आपल्या खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांत अशी कपाटं किती असतील! तुमच्या मुलाची पहिली कमाई मला या कपाटांत दिसते. आरसा काढून डिस्टिल्ड वॉटरने धुणं, स्क्रू फिरवून आरसे एका रेषेत आणणं, नेमदर्शक जुळवणं हे काम दोन-तीन महिन्यांच्या सरावाने येतं. आधी सरांच्या ओळखीच्या एका शाळेत फुकट करावं. मग दुरुस्तीचे आणि त्याच दुर्बिणीवर एका रात्रीच्या आकाशदर्शनाचे मिळून पैसे सांगावेत. दुर्बीण शाळेची, त्याचं फक्त कसब. यात भांडवल लागत नाही.

आता आकाशदर्शनाचा हिशोब, कारण वडिलांना आकडे हवे असणार. पावसाळ्याचे चार महिने सोडा. ऑक्टोबर ते मे, महिन्याला चार शनिवार धरले तर बत्तीस. पौर्णिमेजवळचा एकेक वगळला की चोवीस उरतात. परीक्षा, लग्नसराई आणि अवकाळीचे ढग काही खातील. हातात पंधरा-सोळा रात्री राहतात. साठ मुलं, प्रत्येकी पन्नास रुपये, म्हणजे तीन हजार. गाडी, मदतीला एक मित्र, नकाशांच्या झेरॉक्स यात निम्मे जातात. उरले दीड हजार. सोळा रात्रींचे चोवीस हजार. ताई, यावर घर चालत नाही, आणि चालेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्याची फी, एस.टी.चा पास आणि पुस्तकं यातून निघतात आणि उरलेले साठवत गेला तर पुढे त्याची दुर्बीणही त्याच्याच पैशांनी येते. कापसाच्या पैशांना हात लावायची गरज नाही.

शाळांपेक्षा बरे पैसे मिळतील अशी एक जागा आपल्याकडे आहे आणि ती अजून कुणी फारशी वापरलेली नाही. ती म्हणजे भरीत पार्टी. डिसेंबर-जानेवारीत वांगी काटक्यांवर भाजली जात असतात, मंडळी संध्याकाळपासून शेतात जमलेली असतात, आणि भरीत होईपर्यंत गप्पांशिवाय उद्योग नसतो. नेमकं त्याच वेळी पूर्वेला मृग नक्षत्र वर येतं, डोक्याकडे कृत्तिकांचा झुबका असतो, खाली व्याध लखलखतो. शेतावर शहरासारखे दिवे नसतात. एका गटाकडून संध्याकाळचे एकरकमी पैसे ठरवून दोन तास दाखवायचं. मात्र जाळाच्या धुरापासून आणि उजेडापासून दुर्बीण लांब लावायची, टॉर्चला लाल जिलेटीन गुंडाळायचं. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि कुणी एकाने मोबाईलचा लाईट मारला की सगळ्यांची ती मेहनत वाया जाते. हे आधी बजावून सांगायचं.

आणि बोलायचं काय? इथे तुमच्या मुलाकडे शहरातल्या मुलांकडे नसलेली एक गोष्ट आहे. आपल्या शेतकऱ्याला सगळी नक्षत्रं तोंडपाठ असतात. रोहिणी बरसली का, मृग कोरडा गेला का, आर्द्रा कशा लागल्या, हे बांधावर रोज बोललं जातं. पण ‘मृग दाखव’ म्हटलं तर दहातले नऊ जण थांबतात. ७-८ जूनला मृग लागतो म्हणजे सूर्य आभाळात मृगाच्या जागी येतो. सूर्य तिथेच, म्हणून ते तारे दिवसा उगवतात, दिवसा मावळतात आणि ऐन मृगात मृग दिसत नाही. तोच मृग भरिताच्या दिवसांत संध्याकाळी समोर उभा असतो. हे एवढं अहिराणीत सांगितलं की साठीचा शेतकरीही दुर्बिणीपाशी दुसऱ्यांदा रांगेत उभा राहतो. माझी आजी सप्तर्षीला बाज, म्हणजे खाट म्हणायची, बाजेच्या मागचे तीन तारे म्हणजे ती चोरून नेणारे चोर. अशा गोष्टी त्याने गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आत्ताच गोळा कराव्यात. पाच-दहा वर्षांनी त्या सांगायला कुणी नसेल.

दिवसांची निवड हेही कौशल्य आहे. तारे बघायला अमावास्येची रात्र सगळ्यांत चांगली, पण त्या रात्री गावात कुणी मुलं पाठवत नाही. त्यावरून वाद न घालता जवळचा शनिवार धरावा. कोजागिरीला सगळे गच्चीवर असतात, दूध आटत असतं, पण पूर्ण चंद्रावर सावल्या पडत नसल्याने विवरं उठून दिसत नाहीत. त्या रात्री शनी आभाळात असेल तर तो दाखवावा. २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला काठावरून, रेघेसारखी दिसत होती, आता ती वर्षागणिक उघडत चालली आहेत. चंद्र दाखवायचा तर शुद्ध पंचमी ते दशमी. आणि आखाजी! ती म्हणजे अक्षय्य तृतीया, आभाळ स्वच्छ, सूर्य मावळल्यावर पश्चिमेला कोर, आणि कोरीच्या आतला काळा भागही पृथ्वीवरून परतलेल्या उजेडाने मंद दिसतो. माहेरवाशिणी गावात आलेल्या असतात. पहिला कार्यक्रम फुकट करायचा असेल तर गावातच, आखाजीला करावा.

दिवसाचाही एक कार्यक्रम आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने वर्षातून दोनदा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि क्षणभर सावली पायाखाली नाहीशी होते. खानदेशात हा दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो, दुसरा जुलैत आणि तो बहुधा ढगांत जातो. मे महिन्यात शाळा बंद, पण उन्हाळी शिबिरं चालू असतात. एक सरळ नळी आणि घड्याळ एवढ्यावर हा प्रयोग होतो. सूर्याकडे दुर्बीण वळवायची तर पुढच्या तोंडावर सौर फिल्टर हवाच, नाहीतर अजिबात नाही. एका क्षणात डोळा कायमचा जातो. यात तडजोड नको, कुणी कितीही आग्रह केला तरी.

फोटो, यूट्यूब, लेख यांबद्दल मुलं फार विचारतात. आकाशगंगेचे फोटो विकून पैसे मिळवणारे फार थोडे आहेत. मराठीत महिन्याचं आकाश लिहिलं तर मानधन जुजबी मिळतं, पण त्यातून कार्यक्रमांची बोलावणी येतात, म्हणून लिहावं. दुर्बिणीतून दिसणारा चंद्र पाहुण्याच्याच मोबाईलवर टिपून द्यावा. तो फोटो रात्रीत पन्नास जणांकडे जातो, वेगळ्या जाहिरातीची गरज राहत नाही.

मामांच्या सल्ल्याबद्दल स्पष्ट बोलते. ज्योतिषाचा धंदा करू देऊ नका. गुरूचे चंद्र स्वतः मोजणाऱ्या मुलाने उद्या कुणाच्या लेकीचं लग्न गुरूमुळे अडलंय असं सांगून पैसे घेतले, तर सातव्या रात्रीचा तो प्रश्न विचारायची त्याची सवय मरेल. मामांना हेही सांगा, की चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ स्थापला आणि इ.स. १२०७ च्या सुमारास राजाश्रयाने त्याला देणग्या मिळाल्या, असं त्यात कोरलेलं आहे. म्हणजे ग्रहगणित शिकवण्यासाठी खानदेशात आठशे वर्षांपूर्वीही लोक पैसे मोजत होते. शाळांच्या सहली तिथे जातातच. दिवसा पाटणादेवीला भास्कराचार्य समजावून सांगायचे आणि रात्री चाळीसगावबाहेर एखाद्या शेतावर आकाश दाखवायचं, अशी जोडसहल त्याला आखता येईल. पाटणादेवीचा परिसर अभयारण्यात येतो, त्यामुळे रात्री आत थांबायचं नाही. सातपुड्यातही तसंच. वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री जंगलात मुलं नेऊ नयेत, बिबट्या आणि साप दोन्ही खरे आहेत. मुली असतील तर शिक्षिका बरोबर हवी, पालकांची लेखी संमती हवी.

सातपुड्याच्या अंधाराला पुढे किंमत येईल, असं मला मनापासून वाटतं. लडाखमधल्या हानले इथे गावातल्याच माणसांना शिकवून, दुर्बिणी देऊन पाहुण्यांना आकाश दाखवायचं काम दिलं आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली. तोरणमाळला किंवा रावेर तालुक्यातल्या पालला असं काही उभं राहिलं तर तिथे अहिराणी, पावरी या बोली येणारा आणि तारे ओळखणारा माणूस लागेल. सुट्टीत त्याने पावरीचे चार शब्द शिकून ठेवावेत.

दुर्बीण घ्यायची वेळ आली की ‘५०० पट मोठं दिसेल’ असं लिहिलेली खोकी टाळावीत. आरशाच्या वा भिंगाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे जेमतेम दोन पट, एवढंच उपयोगाचं मोठेपण असतं. म्हणजे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पट, त्यापुढे सगळं धूसर. सहा इंची आरशाची, साध्या लाकडी बैठकीची डॉब्सोनियन पुरेशी आहे, दुचाकीवर नाही पण रिक्षात मावते.

या सगळ्यात बी.एस्सी. मागे पडता कामा नये. पोटापाण्याची वाट तिथूनच आहे. संशोधनात जायचं तर तिसऱ्या वर्षी एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा, आणि पीएच.डी.ला पुण्याच्या आयुका आणि एनसीआरए या खगोल संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा. तिथे रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसायचं नसतं, बहुतेक काम संगणकावर, गणित आणि पायथॉनचं असतं. ते त्याला आवडतं का, हे पुढच्या सहा महिन्यांत तपासावं. नसेल आवडत तर बी.एड. करून शिक्षक व्हावं किंवा विज्ञान केंद्रं, तारांगणं यांच्या जागांवर लक्ष ठेवावं. शनिवारचं आकाशदर्शन दोन्हीकडे चालू राहील. एक अट तुम्ही घाला: कार्यक्रम महिन्याला दोनच, आणि परीक्षेच्या महिन्यात एकही नाही.

वडिलांना एकदा त्याच्यासोबत गच्चीवर पाठवा. काही बोलू नका, बायनॉक्युलरमधून नुसते ते ठिपके बघू द्या.

आणि त्याला माझा निरोप द्या. चौथा चंद्र त्या वेळी गुरूच्या पुढे किंवा मागे असेल, नाहीतर गुरूच्या झगमगाटात हरवला असेल. बहुतेक तो आयो असावा, कारण या चौघांत तो गुरूच्या सगळ्यांत जवळ असतो आणि साधारण ४२ तासांत फेरी पूर्ण करतो. स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात सातव्या रात्रीची तारीख आणि समासात लिहिलेली वेळ टाकून बघ म्हणावं, आणि काय दिसलं ते मला कळव.