गणितातून जीवशास्त्राकडे

प्रश्न : सांगलीत एम.एस्सी. गणित करतोय. जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं. गणिती जीवशास्त्राच्या कार्यशाळेत घेतील का?

उत्तर : घेतात, पण अर्जात नुसतं ‘आवड आहे’ लिहून भागत नाही, केलेलं काम दाखवा. एसआयआर मॉडेल (साथीत लोकांचे निरोगी, आजारी आणि बरे झालेले असे तीन गट धरणारी समीकरणं) पायथन या संगणकभाषेत सोडवा. संसर्गाचा दर दिवसाला 0.4, बरं होण्याचा 0.1 धरा. सुरुवातीला मोजकेच रुग्ण असतील, तर शिखरावर सुमारे 40 टक्के लोक एकाच वेळी आजारी दिसायला हवेत. ऑयलर पद्धतीत (काळाच्या छोट्या पायऱ्यांनी समीकरण सोडवत जायचं) पायरी 5 दिवसांची घेतलीत तर निरोगींचा आकडा चक्क उणे जाऊ शकतो, 0.1 दिवसाची घ्या. (या मॉडेलच्या 1927च्या मूळ शोधनिबंधात आकडे आपल्या मुंबईच्या प्लेगचे होते!) बंगळुरूच्या आयसीटीएस या सैद्धांतिक विज्ञानाच्या संस्थेचे कार्यक्रम पाहत राहा. पुढे पीएच.डी.साठी पुण्याची आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था जवळ. प्रवासखर्चाचं मात्र अर्ज करतानाच विचारून घ्या.