कात्री लागली तरी वर्ग चालू राहील

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवायला नव्यानेच लागली आहेस आणि पहिल्याच सत्रात निधीकपातीच्या बातम्या, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी हजेरीपट सांभाळ. नॉनक्रेडिट, म्हणजे पदवीसाठीचं क्रेडिट न देणाऱ्या वर्गाला राज्याचा पैसा प्रत्यक्ष हजर तासांवरून मिळतो. असे 525 तास मिळून एक पूर्णवेळ विद्यार्थी धरतात. हॉटेलात साफसफाई करणारी बाई शिफ्टसाठी सव्वाआठला उठून गेली, तर तेवढीच वेळ लिही, पण लिहायला विसरू नकोस. विसरलेले तास म्हणजे वर्गाचे बुडालेले पैसे.

दुसरं, कासास (CASAS) चाचणी, म्हणजे प्रौढ विद्यार्थ्यांची प्रगती मोजणारी परीक्षा. केंद्राचा प्रौढशिक्षण निधी इथे विद्यार्थ्यांच्या प्रगतीवर वाटला जातो. आधीची चाचणी झाली आणि नंतरची राहिली, तर प्रगती झाली असूनही कागदावर शून्य. म्हणून सत्र संपायची वाट बघू नकोस. किमान 40 तास शिकवून झाले की कोण गळतीच्या बेतात आहे ते बघ आणि त्यांची चाचणी आधी उरक.

क्रेडिटचा वर्ग भरत नसेल तर रद्द होऊ देऊ नकोस. त्याच खोलीत, त्याच वेळी त्याच अभ्यासक्रमाचा नॉनक्रेडिट जोडवर्ग ठेवता येतो का, हे विभागप्रमुखांना विचार. नॉनक्रेडिटला फी नसते, त्यामुळे माणसं येतात. पात्र नॉनक्रेडिट प्रमाणपत्र-अभ्यासक्रमांना 2015-16 पासून राज्याकडून क्रेडिटइतकाच दर मिळतो, हेही त्यांच्या कानावर घाल.

पण नवशिक्यांची पातळी कापू देऊ नकोस गं. वरच्या वर्गांत येणारी माणसं तिथूनच येतात, आणि नवशिक्यांना दुसरीकडे जायला जागा नसते.