कॅब तुझ्या दारापर्यंत यायला हवी

प्रिय मुली,

वडसा सोडून तू नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या कंपनीत रुजू झालीस, दुसरी पाळी रात्री साडेदहाला सुटते, कंपनीची कॅब तुला वर्धा रोडवरच उतरवून पुढे निघून जाते आणि मनीषनगरातल्या खोलीपर्यंत तुला एकटीने चालावे लागते, असे तू लिहिले आहेस. गेल्या आठवड्यात एक दुचाकीस्वार दोनदा गाडी हळू करून तुझ्या मागे मागे आला. खोलीतल्या मैत्रिणी ‘मोठ्या शहरात एवढं चालायचंच’ म्हणतात, आईबाबांना तू सगळे छान चालले आहे असे सांगतेस, आणि मला विचारतेस की मी भित्री आहे का, नोकरी सोडून परत जाऊ का.

तू भित्री नाहीस. रात्री अकराच्या सुमारास सामसूम रस्त्यावर मागच्या गाडीचा वेग कमी झाल्याचे ज्या मुलीच्या लक्षात येते, तिचे भान जागे आहे. तुझ्या मैत्रिणींनी अशा प्रकारांची सवय करून घेतलेली दिसते, आणि ती तू करून घेऊ नयेस असे मला अगदी कळकळीने वाटते.

आता कॅबबद्दल. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे असेल, तर तिची संमती घ्यावी लागते आणि तिच्या सुरक्षिततेची, तसेच तिला राहत्या घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. दारापर्यंत, चौकापर्यंत नाही. त्यामुळे चालकाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, कारण त्याला जो मार्ग आखून दिला आहे तोच तो चालवतो. एचआरला ईमेल लिही: कोणत्या तारखांना, किती वाजता, कुठे उतरवले आणि तुझी खोली तिथून किती दूर आहे. पाठलागाचा प्रसंगही त्यात नोंदव. त्याच थांब्यावर उतरणाऱ्या इतर मुली असतील तर सगळ्यांनी मिळून लिहा, आणि शेवटी उतरणारी तूच असशील तर कॅबमध्ये सुरक्षारक्षक असावा, हेही माग. तोंडी विनंतीला ‘बघतो’ एवढेच उत्तर मिळते. लेखी विनंतीला उत्तर देणे कंपनीला टाळता येत नाही, निदान सहज तरी नाही. कंपनीने पुरवलेले वाहन लैंगिक छळविरोधी कायद्याच्या दृष्टीने कामाचेच ठिकाण असते, म्हणून कॅबमध्ये कुणी त्रास दिला तर तीन महिन्यांच्या आत कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते, हेही ध्यानात ठेव.

त्या दुचाकीस्वाराला मात्र ईमेलच्या उत्तरापर्यंत मोकळे सोडू नकोस. स्त्रीचा पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. तो पुन्हा दिसला, तर उघड्या दुकानात किंवा एखाद्या अपार्टमेंटच्या चौकीदाराजवळ थांबून 112 ला फोन कर आणि जमल्यास गाडीचा क्रमांक टिपून घे. आतापर्यंत जे घडले त्याचीही तक्रार देता येते. हद्द कोणत्या ठाण्याची, याची चिंता तू करू नकोस, कारण दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. एकटीने ठाण्याची पायरी चढायला संकोच वाटत असेल, तर घरमालकीणबाईंना सोबत घेऊन जा. मनीषनगरात वर्षानुवर्षे राहणाऱ्या बाईच्या शब्दाला वजन असते. तोवर रात्री खोलीतल्या एकीला फोनवर आपले ठिकाण पाठवून ठेव.

पहिली पाळीही मागून बघ. संध्याकाळी खापरीहून मेट्रोने उज्ज्वलनगरला उतरता येते आणि तेव्हा रस्त्यावर वर्दळ असते. साडेदहाला सुटल्यावर मेट्रोचा भरवसा नाही.

आईबाबांना खरे सांग. ते घाबरतील, कदाचित ‘परत ये’ म्हणतील, आणि तुला नेमकी हीच धास्ती आहे, हे मला समजते. पण ईमेल पाठवून झाल्यावर सांगितलेस, तर संकटाबरोबर तू केलेला उपायही त्यांच्या कानावर जाईल. घरमालकीणबाईंचा आणि मैत्रिणींचा क्रमांक त्यांच्याकडे असू दे. आज काही झाले तर कुणाला फोन करायचा, हेसुद्धा त्यांना माहीत नाही, आणि मला तुझ्या पत्रात सर्वांत जास्त काळजी वाटली ती याचीच.

राजीनाम्याचा विचार सध्या बाजूला ठेव. पंधरा दिवसांत कंपनीने दारापर्यंत गाडी दिली नाही आणि पाळीही बदलली नाही, तर नागपुरातच दुसरी नोकरी शोधायला लाग. ती कंपनी सोडण्यात तुझा कमीपणा मुळीच नसेल, आणि वडशाला परतायचे की नाही हे तेव्हा तुला भीतीच्या दडपणाखाली ठरवावे लागणार नाही.

तुझी ताई