लक्ष्मीपूजनाला मुलगी कुठे?

"मॅडम, आमचं भांडण नाहीच. मग वकील कशाला?"

घटस्फोटाआधी समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांकडून हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. कधी त्यामागे फीची धास्ती असते, कधी 'वकील आला की प्रकरण पेटतं' ही ऐकीव भीती. यावेळी विचारणारा नवरा होता. शेजारी बायको पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली. दीड वर्ष वेगळे राहत होते, सात वर्षांची मुलगी आईकडे.

वकील न लावता अर्ज करता येतो. परस्पर संमतीच्या घटस्फोटात, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब मध्ये, कुणाचा दोष सिद्ध करायचा नसतो. वर्षभर वेगळे राहिलेलं असावं लागतं आणि पुन्हा एकत्र नांदणं जमणार नाही हे दोघांनाही मान्य असावं लागतं. कौटुंबिक न्यायालयात तर वकील देणं हा पक्षकाराचा हक्क मानलेलाच नाही. १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदाच तसा आहे. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा जाऊन सांगायचं.

"ते सहा महिने माफ होतात ना? २०१७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे." तो वाचून आला होता.

होतात, पण मुलांचा ताबा, पोटगी, देणीघेणी खरोखर मिटलेली असतील तर. म्हणून त्यांचा मसुदा मागितला. नेटवरून उतरवलेला, दोन पानी. त्यात एक ओळ होती: 'मुलीच्या भेटी उभयता सामंजस्याने ठरवतील.'

"यंदा लक्ष्मीपूजनाला मुलगी कुठे?"

"माझ्याकडे," दोघं एकदमच म्हणाले.

पुढची ओळ: 'स्त्रीधन परत मिळाले.' ती हळूच म्हणाली, "पाटल्या अजून सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहेत." आणि ती या कागदावर सही करायला निघाली होती! मला तिचा रागच आला, खरं सांगते.

मी समुपदेशक, वकील नव्हे. तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. खटला लढवायला नको, निदान कुणी जाणत्याने मसुदा वाचावा म्हणून. तिथल्या वकीलबाईंनी एक चूक दाखवली: पोटगी नको असं लिहिताना मुलीच्या खर्चाचा उल्लेखच राहिला होता.

पुढच्या दोन बैठका नुसत्या तारखांवर गेल्या. लक्ष्मीपूजन एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. शाळेची फी कुणी, कितव्या तारखेला. मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी. पाटल्या मिळाल्यावरच तिने सही केली. अर्ज दोघांनी स्वतःच दाखल केला.

सहा महिन्यांची माफी मात्र मागितली नाही. "एक दिवाळी या कागदाप्रमाणे करून बघतो," तो म्हणाला.