बिल्ल्याची मागची बाजू

प्रिय स्नेही,
अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या महायुद्धातला जो जर्मन बिल्ला तू विकत घेऊ पाहतोस, त्याची तू पाठवलेली छायाचित्रे नीट पाहिली. सगळ्या छायाचित्रांत पुढचीच बाजू आहे, आणि खरेखोटे ठरवायचे तर तीच सर्वांत कमी उपयोगाची असते. गरुड, ओकच्या पानांचे वलय आणि संगीन लावलेली तिरकी रायफल हे सारे नक्कल करणाऱ्यालाही पाठ असते. त्याची घाई उघडी पडते ती मागे, जिथे पिन, बिजागरी आणि पिन अडकवण्याचा आकडा बसवलेला असतो. म्हणून आज निकाल देत नाही, पारख कशी करावी तेवढे लिहितो.

पायदळाचा हा चढाईचा बिल्ला 20 डिसेंबर 1939 रोजी सुरू झाला. वेगवेगळ्या तीन दिवशी, हाती शस्त्र घेऊन, आघाडीवरच्या चढाईत उतरलेल्या सैनिकाला तो मिळे. साध्या पायदळासाठी तो चांदीच्या रंगाचा होता आणि 1940 पासून मोटारींवर चढवलेल्या पायदळासाठी कांस्य रंगाचा आला. मागणी मोठी असल्यामुळे बर्लिन, ल्यूडेनशाइड, फोर्झहाइम अशा ठिकाणच्या अनेक कारखान्यांनी तो घडवला, आणि प्रत्येक कारखान्याचा ठसा (म्हणजे बिल्ला दाबून काढायचा कोरीव पोलादी ठोकळा) निराळा, बिजागरी निराळी, आकड्याची तारही निराळी. त्यामुळे अस्सल बिल्ल्याचे एकच चित्र मनात धरून बाजारात जाऊ नकोस. अमुक कारखान्याचा, अमुक काळातला बिल्ला कसा असतो, हा खरा प्रश्न आहे. पुढचा ठसा एका कारखान्याचा आणि मागची जोडणी भलत्याच तऱ्हेची दिसली, तर विक्रेत्याकडे त्याचे कितीही चोख स्पष्टीकरण असले तरी पैसे खिशातच ठेव.

धातूबद्दल थोडक्यात. युद्धाच्या सुरुवातीचे बिल्ले बहुधा टोंबाकचे, म्हणजे तांब्याचे प्रमाण जास्त असलेल्या पितळेचे असत. तांब्याची चणचण वाढली तसे जस्त आले. जस्तावर दिलेला चांदीचा मुलामा टिकत नाही, काही वर्षांत तो विझून राखाडी होतो, आणि म्हणून जस्ताचा लखलखीत बिल्ला पाहून खूश होण्याऐवजी आधी शंका घ्यावी. पाकिटात जपून ठेवलेला एखादा चमकदार निघतोही, पण तो अपवाद. वजन करायचे तर त्याच कारखान्याच्या, त्याच प्रकारच्या बिल्ल्याशी ताडून पाहा, कारण काहींची पाठ भरीव असते आणि काहींची पोकळ.

आता मुख्य गोष्ट. युद्धकाळातले बहुतेक चांगले बिल्ले पोलादी ठशाखाली दाबून काढलेले असत. दाबाने धातू ठशाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत शिरतो, त्यामुळे पिसांच्या रेघा आणि पानांच्या शिरा धारदार उमटतात. नकली माल मात्र पुष्कळदा एखाद्या अस्सल बिल्ल्यावरून साचा काढून त्यात ओतलेला असतो. जुन्या मूर्तीवरून साचा काढून घडवलेल्या मूर्तीचे नाकडोळे जसे बोथट येतात, तसेच इथेही होते. शिवाय ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मूळ बिल्ल्यापेक्षा किंचित लहान भरते. साध्या व्हर्नियर कॅलिपरने हा फरक सापडू शकतो. दहापट भिंगाखाली बारीक खड्डे, बुडबुड्यांच्या खुणा आणि कडेने फिरलेली कानस दिसते. तरीही केवळ ओतीव म्हणून फेकून देऊ नकोस, कारण जस्ताचे काही बिल्ले युद्धकाळातही साच्यात ओतून काढले जात.

ठशातला दोष आणि वापरातली इजा यांतला फरक ओळखायला शिकलास, तर निम्मे काम झाले. पोलादी ठसा वापरता वापरता तडकतो, त्या चिरेत धातू शिरतो आणि बिल्ल्यावर बारीक उंचवट्याची रेघ उमटते. ती रेघ त्या ठशातून पुढे निघालेल्या प्रत्येक बिल्ल्यावर त्याच जागी येते आणि हळूहळू वाढत जाते. अभ्यासक त्यावरून बिल्ल्यांचा आधी-नंतरचा क्रमही लावतात. उलट, कुणाच्या हातून पडून बसलेला पोचा किंवा ओरखडा आत गेलेला असतो आणि तो त्या एकाच वस्तूचा असतो. दोन वेगळ्या विक्रेत्यांकडच्या दोन बिल्ल्यांवर एकाच पानावर, एकाच कोनात तोच ओरखडा दिसला, तर किमान एक तरी बिल्ला नक्कल आहे, आणि बहुधा दोन्ही. विकल्या गेलेल्या मालाची छायाचित्रे साठवून ठेवायला मी सांगतो ते यासाठीच.

कारखान्याच्या क्रमांकावर नवशिके फार विसंबतात. 1941 मध्ये पदके घडवणाऱ्यांची जी संघटना उभी राहिली, तिच्या सभासदांच्या दुकानांत विकायच्या मालावर ‘एल’, तिरकी रेघ आणि क्रमांक असा शिक्का येऊ लागला. बर्लिनच्या युंकर कारखान्याचा क्रमांक 12, व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूव्हालचा 58. म्हणजे असा शिक्का असलेला बिल्ला ‘1940 साली फ्रान्सच्या मोहिमेत छातीवर लावलेला’ म्हणून कुणी विकत असेल, तर गोष्ट जुळत नाही. फार तर सैनिकाने पुढे दुकानातून घेतलेली ती दुसरी प्रत असेल. शिक्का मारणे हे नक्कल करणाऱ्याचे सर्वांत सोपे काम, आणि कोणताही शिक्का नसलेले अस्सल बिल्लेही विपुल आहेत.

1957 सालच्या कायद्याने पश्चिम जर्मनीत माजी सैनिकांना स्वस्तिक वगळलेली पदके लावण्याची मुभा मिळाली आणि तशी नवी पदके तयार झाली. ती खोटी नव्हेत, पण युद्धकाळातलीही नव्हेत. किंमत त्या हिशेबानेच द्यावी. कापडी बिल्ले आणि फिती अतिनील दिव्याखाली धर. निळसर पांढरे चमकणारे धागे बहुधा युद्धानंतरचे असतात, मात्र जुने कापड हल्लीच्या धुण्याच्या पावडरीत धुतले असेल तर तेही चमकते.

‘आजोबांनी इटलीहून आणला’ असे विक्रेता सांगतो म्हणतोस. महाराष्ट्रात हे अशक्य मुळीच नाही. मराठा पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या, नाईक यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 च्या तिथल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण आजोबांच्या सेवापुस्तकावरून ते इटलीत होते एवढेच सिद्ध होते, हाच बिल्ला त्यांच्या ट्रंकेत होता हे नव्हे.

याच विक्रेत्याकडे आझाद हिंदची पदकेही आहेत, हे वाचून मी अधिक सावध झालो. 1942 साली जर्मनीत सुभाषबाबूंनी सुरू केलेली ही पदके व्हिएन्नाच्या सूव्हालनेच घडवली, आणि या कारखान्याने युद्धानंतरही जुनी पदके काढणे सुरू ठेवले. त्यामुळे इथे कारखाना अस्सल, काम अस्सल आणि काळ मात्र वेगळा असा पेच पडतो, ज्यात ठशाची धार फारशी मदत करत नाही. पदकासोबत प्रदानपत्र किंवा त्या काळातले छायाचित्र नसेल, तर आपल्याकडच्या भावनेपोटी या पदकांसाठी जादा पैसे मोजू नकोस.

विक्रेत्याकडून पाठीची छायाचित्रे मागव: एक सरळ, एक बाजूने तिरपा उजेड टाकून, आणि बिजागरी व आकडा यांची जवळून. आकड्याच्या आतल्या कडेला पिन घासून पडलेली झीज दिसते का, हे मला पाहायचे आहे. ग्रॅमचा अंशही दाखवणाऱ्या काट्यावरचे वजन आणि मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदीही कळव. तोवर विसार देऊ नकोस.

कळावे.
तुझा हितचिंतक