वाचक विचारतात : दोरी, पाणी आणि विजेरी

प्रश्न : आपत्तीच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून आम्ही घरात नायलॉनची लांब दोरी आणून ठेवली आहे. एका पुस्तिकेत पाहून वीसएक गाठीही बांधून पाहिल्या, परंतु आठवडाभरात त्यांतील बहुतेक विसरलो. नेमक्या कोणत्या गाठी हातात बसवून घ्याव्यात?

उत्तर : वीस गाठी विसरल्या याचे वाईट वाटून घेऊ नका, रोज दोरी हाताळणाऱ्यालाच त्या लक्षात राहतात. घरासाठी तीन-चार पुरतात. आपल्याकडे सुरगाठ आणि निरगाठ असा भेद करतात. कामाची गाठ या दोहोंच्या मधली असते, म्हणजे ताण असेपर्यंत निरगाठीसारखी धरून ठेवणारी आणि काम झाल्यावर दोरी न कापता सोडवता येणारी.

सर्वांत आधी बोलाईन शिकावी. तिने होणारा फास ताण आला तरी आवळत नाही. दोरीचे मोकळे टोक हातभर सोडावे आणि तिथे दोरीचा एक लहान वेढा असा करावा, की मोकळ्या टोकाकडची दोरी वर आणि ताणाची दोरी खाली राहील. मग मोकळे टोक त्या वेढ्यातून खालून वर काढावे, ताणाच्या दोरीच्या मागून फिरवावे, त्याच वेढ्यात वरून खाली उतरवावे आणि सर्व पदर सावकाश ओढून गाठ बसवावी. या गाठीचा एक अवगुण मात्र ठाऊक असावा : दोरी सैल पडून हेलकावत राहिली, तर ती हळूहळू ढिली होते. नायलॉन मुळातच गुळगुळीत असल्यामुळे ही भीती अधिक. म्हणून उरलेले टोक दोरीच्या जाडीच्या किमान बारापट लांब ठेवून त्याची आणखी एक गाठ शेजारच्या दोरीभोवती मारावी.

खांबाला दोरी बांधायची असेल, तर दोनदा वेढा घालून पुढे दोन अर्ध्या गाठी (टोक ताणाच्या दोरीभोवती फिरवून स्वतःच्याच खालून काढणे म्हणजे एक अर्धी गाठ) माराव्यात. बराचसा भार वेढ्यांच्या घर्षणावरच तोलला जात असल्याने ही गाठ दोरीवर ताण असतानाही बांधता येते आणि सोडवताही येते. दोन दोऱ्या जोडण्याची गाठ पुढच्या उत्तरात आहे.

सराव जेवणाच्या टेबलावर केला तर पुरत नाही. डोळे मिटून, ओल्या दोरीने, शक्य असल्यास हातमोजे घालून बांधून पाहावी. तिथे बोटे अडखळली, तर ती गाठ अजून आली नाही असे समजावे. कोणतीही गाठ दोरीची ताकद घटवते, कित्येकदा एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही अधिक, हे ध्यानात ठेवून दोरी निवडावी. आणि माणसाला उंचावरून उतरवण्याचे काम प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतल्याशिवाय करू नये, मग गाठ कितीही सफाईने येत असो.

प्रश्न : ताडपत्री बांधताना दोरी अपुरी पडली, म्हणून दुसरी दोरी चौरस गाठीने (आधी उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर घेऊन) जोडली. गाठ बिनचूक होती, तरी रात्री वाऱ्यात सुटली. असे का व्हावे?

उत्तर : गाठ बिनचूक होती हे मान्य, ती चुकीच्या कामाला लावली गेली. चौरस गाठ मुळात जहाजाचे शीड गुंडाळून बांधण्याची. तिचे एक टोक बाजूला जोराने ओढले, की ती उलटते आणि घसरून मोकळी होते, आणि खलाशांच्या दृष्टीने ही सोयच होती. वाऱ्याच्या हिसक्यांनी आपल्या ताडपत्रीचे तेच केले असावे. बँडेज बांधायला मात्र ही गाठ उत्तम, कारण ती सपाट बसते आणि अंगाला टोचत नाही.

दोन दोऱ्या जोडण्यासाठी, विशेषतः त्यांची जाडी वेगळी असेल तर, जाड दोरीचे टोक दुमडून धरावे. बारीक दोरी त्या दुमडीतून वर काढून दोन्ही पदरांच्या मागून दोनदा फिरवावी आणि दोन्ही वेळा स्वतःच्याच खालून काढून घट्ट ओढावी. दुसरा फेरा आळसाने गाळू नये. गुळगुळीत दोरीत सगळा फरक त्यानेच पडतो.

प्रश्न : पिण्याचे पाणी किती साठवावे? साठा संपल्यावर मिळेल ते पाणी कसे शुद्ध करावे?

उत्तर : पिणे आणि जुजबी स्वच्छता धरून माणशी दररोज सुमारे ४ लिटर पाणी लागते. किमान ३ दिवसांचा साठा असावा, जागा असल्यास दोन आठवड्यांचा. घरी भरलेल्या डब्यांवर तारीख लिहून दर ६ महिन्यांनी पाणी बदलावे.

शुद्धीकरणात उकळणे सर्वांत भरवशाचे. खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट पुरे; समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटरहून अधिक उंचीवर मात्र ३ मिनिटे द्यावीत. इंधन नसेल तर पाणी कापडातून गाळून त्यात सुगंध वा अन्य काही न मिसळलेले, ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे घरगुती ब्लीच लिटरला २ थेंब घालावे, ढवळावे आणि अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्याला थेंब दुप्पट. जुन्या ब्लीचचा जोर ओसरलेला असतो, त्यामुळे वर्षानुवर्षे कपाटात पडलेल्या बाटलीवर विसंबू नये. रसायने किंवा इंधन मिसळलेले पाणी यांपैकी कोणत्याही उपायाने पिण्याजोगे होत नाही.

प्रश्न : वीज गेल्यावर मेणबत्ती बरी की विजेरी?

उत्तर : विजेरी, आणि तीही कपाळावर बांधायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. पडझड झालेल्या घरात गॅसची गळती असू शकते, तिथे काडी ओढण्याचा विचारही नको. सेल विजेरीत घालून ठेवू नयेत. माझ्याच एका विजेरीत दोन वर्षे राहिलेले सेल पाझरले आणि नेमक्या गरजेच्या रात्री आत हिरवट-पांढरा थर तेवढा सापडला. तेव्हापासून सेल विजेरीच्याच पिशवीत, पण वेगळ्या पुडीत असतात आणि पुडीवर विकत घेतल्याची तारीख असते.