ओळख करून देणारीची ओळख

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. विज्ञान दिनाला कॉलेजात सहा वक्ते बोलावले होते. काही संशोधक, काही तर विद्यार्थीच. त्यांची ओळख करून द्यायचं काम हिने अंगावर घेतलं आणि पंधरा दिवस क्लासला दांड्या मारल्या. नीटच्या सराव परीक्षेत ७२० पैकी २९० गुण. तिला डॉक्टर करायचं आमचं ठरलंय, पण आता म्हणते संशोधन करणार. ते लोक तिशीपर्यंत आईबापाच्या जिवावर जगतात. मोबाईल काढून घेतलाय. हे खूळ कसं काढावं, आणि नीटसाठी कोणती टेस्ट सिरीज लावावी? तिने लिहिलेली पानं जोडली आहेत. एवढ्याला पंधरा दिवस लागतात का, तुम्हीच बघा.
– एक पालक, सोलापूर

उत्तर : बघितली. दोनदा वाचली. लागतात.

पण आधी तुमच्या पत्राविषयी. ‘आमचं ठरलंय’ यातल्या ‘आमचं’मध्ये मुलगी आहे का? गुण लिहिलेत, दांड्या लिहिल्यात. तिला संशोधन कशावर करायचंय, हे विचारल्याचं कुठे दिसलं नाही. विचारण्याआधी मोबाईल काढून घेतलात. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला यातून एवढंच कळतं, की घरात मनातलं बोललं की शिक्षा होते.

आता ती पानं. आपल्याकडे वक्त्याची ओळख म्हणजे पदव्या, पुरस्कार, आणि ‘ज्यांना परिचयाची गरज नाही’ म्हणून दहा मिनिटं परिचय. हिने सहाही जणांना आधी गाठून एकच विचारलं : तुमचं अडलंय कुठे? डाळिंब संशोधकाबद्दल लिहिताना ‘तेल्या’ हे डाळिंबावरच्या रोगाचं नाव फळावर तेल सांडल्यासारखा डाग पडतो म्हणून, आणि रोग जिवाणूंचा असल्याने नुसतं बुरशीनाशक मारून भागत नाही, हे तिने चार ओळींत बसवलं. चादरीच्या जकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, काम करणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलाची ओळख नक्षीच्या भोकं पाडलेल्या कार्डांपासून सुरू केली. नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी शोधत हिंडणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलीबद्दल लिहिलंय : ‘ताईला अजून एकही माळढोक दिसलेला नाही. आज ती तेच सांगणार आहे.’ हे वाचून मी पान खाली ठेवलं. संशोधक आणि विद्यार्थी, दोघांना एकाच मापाने मोजणं मोठ्यांनाही जमत नाही.

सगळंच छान आहे असं नाही. प्राचार्यांच्या परिच्छेदात नुसती विशेषणं आहेत. मधुमेहावर काम करणाऱ्या डॉक्टरांचा विषय तिला कळलेला नाही, तो तिने जड शब्दांखाली झाकलाय. तिला हे सांगा, माझं नाव घेऊन सांगा. आणि हो, ‘चांगली बोलते, मग निवेदक होऊ दे’ असाही निष्कर्ष काढू नका. यात बोलण्यापेक्षा विचारणं जास्त आहे.

तिशीपर्यंत आईबापाच्या जिवावर, हे मात्र खोडून काढतो. एम.एस्सी.नंतरची नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे पीएच.डी. करताना मिळणारं विद्यावेतन, मिळालं, तर २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० मिळतात. वर नियमाप्रमाणे घरभाडं. बावीस-तेविसाव्या वर्षी हे सुरू होऊ शकतं. तेव्हा डॉक्टर होऊ पाहणारी मुलं बहुधा पीजीच्या प्रवेशासाठी पुस्तकात डोकं घालून असतात. खाचखळगेही ऐका : नुसती नेट पास झाली म्हणजे फेलोशिप मिळाली असं नाही, जागा मोजक्या, आणि पैसे दर महिन्याला वेळेवर पडतील याची खात्री नाही. पुढे कायम नोकरीसाठीही बरीच वाट बघावी लागते. अवघड आहे, फुकट खाणं नाही.

मार्ग सांगायचा तर बारावीनंतर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा आहे, पाच वर्षांचा बीएस-एमएस, जवळचं पुणं. गणित सोडलं असेल तर त्या परीक्षेत जड जाईल, एवढं आत्ताच तपासा. अर्धा अभ्यासक्रम शिकवायचा बाकी असताना मिळालेल्या २९० गुणांवर मी काही बोलणार नाही.

टेस्ट सिरीजचं आज सांगत नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या. नीटच द्यायची असं तिने लिहिलं, तर सिरीजचंही बोलू. मोबाईल मात्र आजच परत करा. त्या सहा जणांचे नंबर त्यातच असतील.